कार्ड कर्त्याचं, थैली बायकांची

पुस्तकं देणारी बाई म्हणून मला गावात कुणी ओळखत नाही, परत आणणारी बाई म्हणूनच ओळखतात. तुमसर तालुक्यात, आंबागडच्या वाटेवरच्या आमच्या गावात मी उभा जन्म वाचनालय चालवलं आणि माझी जी काही कीर्ती झाली ती वसुलीची. एका नवरदेवाकडे मी मांडवात जाऊन पुस्तक मागितलं होतं. हळदीच्या अंगाने तो आत गेला, पुस्तक घेऊन आला आणि पानांना पिवळे डाग लागले म्हणून मी त्याला वऱ्हाड्यांसमोर चार शब्द सुनावले. एका गृहस्थाने मासेपालनाचं पुस्तक तलावाच्या पाळीवर बसून वाचलं, ते पाण्यात पडलं, मग त्याने ते छपराच्या कवेलूंवर वाळवलं. दुप्पट फुगलेलं ते पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून तो म्हणाला की पुस्तक तेच आहे, फक्त अंगाने भरलं. मी हसले आणि दंड घेतला. निरोपाच्या कार्यक्रमात सचिव म्हणाले की बाईंच्या हातून एकही पुस्तक बुडालं नाही. टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून बसले, कारण एक पुस्तक अजून बाहेर होतं आणि ते आजही बाहेरच आहे.

आमचं वाचनालय म्हणजे समाजमंदिराला लागून एक लांबट खोली. चालवते एक छोटी संस्था. सरकारी अनुदान येतं तेव्हा येतं, आणि मानधन एवढं की ते मानानेच घ्यायचं. लोकांना वाटतं ग्रंथपाल म्हणजे पेपर वाचत बसणारा माणूस. खरं काम वेगळं असतं. नवं पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक द्यायचा, विषयाप्रमाणे कपाटात जागा द्यायची आणि मग देवघेव सांभाळायची. कोणतं पुस्तक कुठल्या कार्डावर गेलं आणि कधी परत यायचं, याचा हिशेब म्हणजे देवघेव. आणि या सगळ्याच्या वर एक न लिहिलेला नियम असतो. कोण काय वाचतो हे ग्रंथपालाने बाहेर बोलायचं नाही. डॉक्टर रोग्याबद्दल बोलत नाही, तसंच.

आमच्याकडे कार्ड माणसाचं नसे, घराचं असे. घराच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर एक कार्ड, त्याचीच अनामत, त्याचाच फोन नंबर. वाचायचं मात्र घरातल्या बायकांनी, आणि त्या वाचनालयात येत नसत. बाजाराच्या दिवशी घरची कापडी थैली यायची. वाचून झालेली पुस्तकं तिच्यात असत. ती मी काढून घ्यायची आणि ज्या घरात जे चालतं ते आत टाकायचं. थैली आणायचा कोण, तर घरातला पुरुषच. बाजाराला येताना मोटरसायकलच्या हँडलला टांगायचा, माझ्या टेबलावर ठेवायचा, भाजी घेऊन झाली की उचलून न्यायचा. आत काय आहे हे कुणी डोकावून पाहत नसे. बायकांच्या थैलीत काय पाहायचं, असं त्यांना वाटे. माझ्या साऱ्या नोकरीत एकाही पुरुषाने ती थैली उघडल्याचं मी पाहिलं नाही, आणि अर्ध्या गावातल्या बायकांचं वाचन या एका गोष्टीवर चाललं होतं.

मी निवृत्त होण्याच्या थोडं आधी संस्थेने ठरवलं की वाचनालय संगणकावर न्यायचं. सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं ते मी बघायचं, कारण दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं. कळत तर मलाही नव्हतं. पण मी चिवट आहे. नागपूरच्या एका कंपनीला फोन केला, तिने दर सांगितला आणि मला वाटलं चुकून शून्य जास्त ऐकलं. पुन्हा विचारलं, तर तो फक्त पहिल्या वर्षाचा होता. पुढे दर वर्षी देखभालीचे वेगळे. आमची वर्षाची सगळी पुस्तकखरेदी त्या देखभालीत बुडाली असती.

मग तुमसरच्या एका महाविद्यालयातल्या ग्रंथपाल मैत्रिणीने सांगितलं की जगभरातली मोठमोठी ग्रंथालयं वापरतात ते एक सॉफ्टवेअर अगदी फुकट मिळतं. फुकट म्हटल्यावर मी आधी घाबरले. तिने समजावलं की फुकट मिळालेल्या म्हशीलाही वैरण लागते, तसं याला एक बरा संगणक लागतो आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस लागतो. तो माणूस आमच्या गावात कुठून आणायचा, म्हणून ते मागे पडलं. तिसरं आलं ते एका नव्या कंपनीचं, स्वस्त. सगळं इंटरनेटवर, संगणक साधा चालेल, आणि वर खास सोय अशी की पुस्तकाची मुदत संपली की वाचकाला मोबाइलवर आपोआप निरोप जाणार. पुस्तकासाठी मांडवापर्यंत जाणाऱ्या बाईला दुसरं काय हवं? मीच म्हटलं, प्रात्यक्षिकाला बोलवा.

कंपनीचा प्रतिनिधी येण्याआधी त्याने नमुन्यासाठी माहिती मागितली. आमचे सचिव, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी सुचवलं की समितीच्या सभासदांचीच कार्डं देऊ, म्हणजे बैठकीत प्रत्येकाला आपलं नाव पडद्यावर दिसेल आणि बरं वाटेल. मी कार्डं काढून दिली. त्यांच्यावर चालू असलेली पुस्तकं, तारखा, फोन नंबर, सगळं त्याने भरून घेतलं. घरचा नंबर म्हणजे कर्त्याचा नंबर, यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आमच्या गावात ते तसंच असतं.

बैठकीला समिती झाडून हजर. भिंतीवर पडदा लावला. पहिला धक्का बसला तो मराठीचा. माझी आयुष्यभराची पुस्तकं पडद्यावर रिकाम्या चौकोनांच्या रांगा होऊन आली. प्रतिनिधी म्हणाला पुढच्या अपडेटमध्ये सुधारणा होईल. मी म्हटलं तोवर वाचकांना चौकोन वाचायला देऊ का? सगळे हसले, तोही हसला. विषय बदलावा म्हणून त्याने घाईने मोबाइलच्या निरोपांची सोय दाखवली. निरोप मात्र शुद्ध मराठीत जातात, म्हणाला, पाहाच तुम्ही. आणि त्याने बटण दाबलं.

खोलीत एकामागून एक फोन वाजायला लागले. प्रत्येकाने खिशातून चष्मा काढला. पहिले मनोहरजी, आमचे कोषाध्यक्ष, किराण्याच्या दुकानाचे मालक. त्यांनी मोठ्याने वाचलं की आपण नेलेल्या गरोदरपणातील आहारावरच्या पुस्तकाची मुदत संपली आहे. सगळे पोट धरून हसले. हसता हसता मनोहरजींचाच चेहरा बदलला, कारण घरी सुनेचं काही आहे हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. आपण आजोबा होणार हे त्यांना वाचनालयाने कळवलं. गुरुजी एरवी तरुणांनी गंभीर वाचावं म्हणून भाषणं देतात. त्यांच्या फोनवर एका खुनाच्या रहस्यकथेचं नाव आलं. ते म्हणाले बायको वाचते. ते पुस्तक खरं कोण वाचत होतं हे मी आजही सांगणार नाही.

मला हसू येत होतं, ते तिथेच थांबलं. कारण शामरावजींच्या घरच्या कार्डावर कोणतं पुस्तक आहे ते मला आठवलं.

शामरावजी म्हणजे आमचे अध्यक्ष. मोठी धानाची शेती, मोजकं बोलणं, गावात शब्दाला वजन. घरात ते, त्यांची बायको, मुलगा, सून प्रणिता आणि छोटी नात. संक्रांतीला वाचनालयात आम्ही हळदीकुंकू करतो, तेवढ्यासाठी बायका आत येतात. त्या वेळी प्रणिता कायद्याच्या कपाटापाशी उभी राहिली होती. दुपारच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज, पदर खांद्यावरून गच्च ओढलेला. एका पातळशा पुस्तकावर बोट ठेवून तिने हळूच विचारलं होतं, "बाई, हे थैलीत येईन का?"

मी काही विचारलं नाही. आमच्या कामात विचारायचं नसतं. पुढच्या बाजाराला मी ते पुस्तक थैलीच्या तळाशी घातलं, वर स्वयंपाकाचं एक आणि कथांचं एक. थैली शामरावजींनी स्वतः उचलली आणि गाडीला टांगून घरी नेली. कायद्याची भाषा कठीण, ती सावकाश वाचत असणार, म्हणून ते परत आलं नाही तरी मी मागितलं नाही. मी न मागितलेलं ते एकमेव पुस्तक. त्याचं नाव इथे देत नाही, पण नावातच 'सासरचा छळ' असे शब्द होते.

शामरावजींनी निरोप वाचला. मोठ्याने नाही. एकदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि फोन खिशात ठेवला. मनोहरजींनी विचारलं, तुमच्याकडे काय आलं? ते म्हणाले, धानावरच्या रोगांचं पुस्तक. मग पुढच्या बैठकीत ठरवू असं म्हणून ते उठले. त्या माणसाला मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

लोक गेले, मी खुर्चीतच बसून राहिले. एकच विचार येत होता, हा माणूस आता घरी जाऊन काय करेल? मुलाला बोलला तर मुलगा तिचं काय करेल? तिला सावध करावं म्हणून मी फोन हातात घेतला आणि मला दुसरा धक्का बसला. प्रणितापर्यंत पोहोचायला माझ्याकडे एकच नंबर होता, आणि तो शामरावजींचा होता. इतकी वर्षं मी तिच्यासाठी पुस्तकं निवडत होते आणि तिच्याशी बोलायची वाट मला ठाऊक नव्हती. रागाने मी फोन टेबलावर आपटला.

दुपारी, वाचनालय रिकामं असताना शामरावजीच आले. माझ्या समोरच्या बाकावर बसले. तो बाक शाळकरी पोरांचा, त्यांना तो लहान पडत होता.

"बाई, ते पुस्तक कोनाले देल्लं तुमी?"

तोंड शेवटी माझंच होतं. मी म्हटलं, "शामरावजी, वाचकाचं नाव मी कोनालेच सांगत नाही. उद्या तुमचं कोनी विचारलं तं तुमचंही नाही सांगनार."

"कार्ड माह्या नावाचं हाये."

"हो ना. मंग पुस्तक तुमीच नेलं. थैली तुमच्याच गाडीले टांगली होती, मी सोता पाह्यलं. तुमी नेलं हाये, तं आता वाचा अन् वापस आनून द्या."

असं बोलायला नको होतं की हवं होतं, ते मला आजही कळत नाही. संस्थेचे अध्यक्ष ते, माझं मानधन त्यांच्या सहीने निघायचं. ते रागावले असते तर मी समजू शकले असते. ते रागावले नाहीत. आपल्या हातांकडे बघत त्यांनी विचारलं, "कधीपासून हाये हे?"

"पुस्तक संक्रांतीपासून हाये. बाकीचं मले माहीत नाही."

"मी तं घरीच असतो बाई," ते म्हणाले. "रोज घरीच असतो."

आणि उठून गेले.

पुढच्या बाजाराला त्यांच्या घरची थैली आली नाही. इतक्या वर्षांत पावसापाण्यातही ती थैली चुकली नव्हती. मी सारखी दाराकडे बघत होते आणि दुसऱ्यांच्या थैल्यांत चुकीची पुस्तकं भरत होते. एका आजीबाईंना मी ट्रॅक्टर दुरुस्तीचं पुस्तक पाठवलं. त्यांनी ते वाचून परत केलं आणि बरं होतं म्हणाल्या, पण ते वेगळं. मी शामरावजींच्या घरावरून दोनदा चक्कर मारली. अंगणात धान वाळत होतं आणि दार लोटलेलं होतं. आत जायला मला निमित्त सापडेना. वाचनालयाचं काम आहे म्हणावं तर कुणाशी? त्या घरातल्या बायकांशी वाचनालयाचं काही काम असतं हे घराला माहीतच नव्हतं.

त्यानंतरच्या बाजाराला शामरावजी आले. थैली नव्हती. पुस्तक हातात होतं, उघडं, रस्त्यावरून सगळ्या बाजाराला दिसेल असं धरलेलं. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "वाचलं."

मी पुस्तक चाळलं. परत आलेलं पुस्तक चाळून बघायची ग्रंथपालाला सवय असते, फाटलंय का, लिहिलंय का. वाचक पुस्तक कसं हाताळतो ते मला पानांवरून कळतं. प्रणिता खुणेसाठी तणसाची काडी ठेवते, धानाच्या वाळक्या गवताची. ती काडी पुस्तकाच्या मध्यावर होती. आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोपरे दुमडलेले होते. पानं दुमडणाऱ्यांशी माझं जन्माचं वैर. त्या दिवशी मी दंड मागितला नाही. मला धक्का बसला होता तो दुमडलेल्या पानांचा नाही. त्यांच्या वयाच्या माणसाने, त्यांच्या मानाच्या माणसाने ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं आणि सुनेची काडी होती तिथेच राहू दिली होती.

मग ते म्हणाले की नवीन कार्ड बनवायचं आहे, प्रणिताच्या नावावर. मी म्हटलं, नियमच बदलायचा असेल तर सगळ्यांसाठी बदलू. ते म्हणाले, बदला. आणि पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणाले, "हे तिच्या कार्डावर टाका. तिचं अर्धं राहिलं हाये."

सॉफ्टवेअरचा निकाल मग एका बैठकीत लागला. स्वस्तवाल्या कंपनीला आम्ही नाही म्हटलं. फुकटवालं घेतलं, आणि दुरुस्तीची जबाबदारी माझ्या तुमसरच्या मैत्रिणीने अंगावर घेतली, तिला दर हंगामात घरचे तांदूळ पोचवायच्या बोलीवर. त्यात मराठी मराठीसारखी दिसते. कुणाला सॉफ्टवेअर घ्यायचं असेल तर मी आता सांगते की दर विचारा, आपली माहिती उद्या बाहेर काढता येईल का विचारा, बिघडलं तर फोन कोण उचलेल विचारा. पण सगळ्यात आधी हे विचारा की वाचकाचं वाचन कुणाला दिसेल. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला नव्हता. आमचे निरोप अजूनही जातात, पण त्यांत पुस्तकाचं नाव नसतं. कार्डावरचं नाव आणि आपल्याकडे वाचनालयाचं पुस्तक आहे, सवडीने परत करावं, एवढंच.

नवी कार्डं करायला बायका पहिल्यांदा स्वतः आल्या. नाव सांगताना काही जणी थांबायच्या, नवऱ्याचं सांगायचं की आपलं. फोन नंबर विचारला की एकमेकींकडे बघायच्या. शेवटी एक म्हणाली, "बाई, तुमचाच टाका ना." मी टाकला. तिच्या मागच्या बाईचाही टाकला. गुरुजी म्हणाले हे नियमात बसत नाही, मी म्हटलं संगणक काही बोलला नाही, तुम्ही कशाला बोलता? प्रणिता सगळ्यात शेवटी आली, नातीला कडेवर घेऊन. तिने माझा नंबर सांगितला तो पाठ असल्यासारखा.

त्यानंतर काही दिवसांनी गावाला धक्का बसला. शामरावजींनी सून आणि नात गाडीत बसवली आणि भर सकाळी, सगळे दारात उभे असताना, स्वतः चालवत बपेऱ्याला तिच्या माहेरी नेलं. मुलाला घरी ठेवून. लोक म्हणाले सासऱ्याने सुनेला टाकली. मग कळलं की ते तिथे राहिले, व्याह्यांसमोर बसले आणि जे बोलायचं ते स्वतःच्या तोंडाने बोलले. काय बोलले ते कुणाला माहीत नाही. मुलाचं पुढे काय झालं, कोर्टात काय चाललं आहे, ते त्या घरचं आहे. मी वाचनालयाबद्दल लिहिते आहे. शामरावजी आता समितीच्या बैठकीत कमी बोलतात. बाजाराच्या दिवशी येतात, बायकोची थैली ठेवतात आणि आत काय आहे ते बघून मगच नेतात. त्याचा मला आधी राग आला होता, पण मग कळलं की घरी गेल्यावर दोघं मिळून वाचतात.

निवृत्त झाले तरी माझा नंबर तसाच आहे. त्यामुळे गावातल्या बायकांचे निरोप मला येतात. कधी स्वयंपाक करताना, कधी नातेवाइकांत बसलेली असताना फोन वाजतो आणि माझ्याकडे वाचनालयाचं पुस्तक आहे असं मला कळवलं जातं. घरातले विचारतात, इतकी पुस्तकं नेतेस कधी? मी म्हणते, वाचते सवडीने. मग ज्या बाईचं असेल तिच्याकडे सहज गेल्यासारखी जाऊन आठवण करते. वसुलीची सवय सुटत नाही.

एक निरोप मात्र ठरल्यासारखा पुन्हा पुन्हा येतो. प्रणिताच्या नावाचा. पुस्तक तिने बपेऱ्याला नेलं ते अजून तिच्याकडेच आहे. तो निरोप आला की मी नव्या ग्रंथपालाला, एका हुशार मुलीला, फोन करते आणि मुदत वाढवून घे म्हणून सांगते. ती शिस्तीची आहे, माझ्यासारखीच. मागच्या वेळी वैतागून म्हणाली, "बाई, हे पुस्तक कधी वापस येईन का?"

पुस्तकासाठी नवरदेवाला मांडवातून उठवणारी बाई मी.

"नको येऊ दे," मी म्हटलं.